कोरडा तास

प्रिय थेंब,

पुडकं उघडायच्या आधी हे पत्र वाच. ह्यांना मी बजावून पाठवलंय, की पुडकं आडवं धरू नका, पिशवीत उलटंपालटं करू नका आणि तिच्या हातात दिल्याशिवाय परत येऊ नका. ते चहाला थांबतील, थांबू देत. पण वाचायला तू आतल्या खोलीत जा. समोर बसून वाचलंस तर ते तुझ्या चेहऱ्याकडे बघत बसतील आणि घरी येऊन मला खडान्‌खडा सांगतील, आणि तुझा चेहरा कसा झाला हे मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नाहीये. फोनच केला असता, पण तू हल्ली फोनवर सापडतेस कुठे? पहिल्यांदा तुझी सून म्हणाली, आई आंघोळीला गेल्यात. दुसऱ्यांदाही आंघोळीलाच गेल्या होत्या. एवढी स्वच्छ तू कॉलेजात असताना नव्हतीस गं. मग म्हटलं पत्र लिहावं, निदान ते दाराशी उभं राहून वाट तरी बघेल. कशाबद्दल लिहितेय ते तुला कळलंच असेल. माझ्या वर्गातली ती एक मुलगी, तुमच्या केंद्रावर प्रॅक्टिकलला नापास झालेली. तिचं सगळं पुढचं अडून बसलंय आणि मला काही म्हणजे काही करता येत नाहीये.

तुला 'थेंब' म्हणून हाक मारली त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. मधल्या काळात तू कुणाची तरी बाई झालीस, कुणाची सासू झालीस, मी तर नातवंडांची आजी व्हायच्या बेतात आहे. पण लिहायला बसले आणि तेच नाव आलं. आठवतं ना, सरांनी ही नावं कशी पाडली ते? तू ब्युरेटचा नळ इतका जपून फिरवायचीस की शेजारच्या टेबलावरच्या मुली भांडी धुऊन घरी जायच्या तरी तुझे थेंब चालूच. आणि मी नळ सोडला की सोडला. फिकट गुलाबी यायचा तिथे माझ्या फ्लास्कात सरळ राणी रंग. सर म्हणायचे, एक थेंब आणि एक धबधबा, दोघींना एकाच टेबलावर ठेवा, सरासरी तरी बरोबर येईल. तुझा रंग आला की तू फ्लास्क पांढऱ्या फरशीवर ठेवून मला बोलवायचीस, आणि मी वाकून बघायची. तो रंग असा की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. तू म्हणायचीस, आत्ता नीट बघून घे, थोड्या वेळाने हा उडून जाईल. मला त्या वयात त्याचं काय एवढं कौतुक ते कळायचं नाही, मला भूक लागलेली असायची.

आमच्या शाळेचं तुला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंय, आता सलग सांगते. आमची प्रयोगशाळा बंद पडली ती एका बेसिनपायी. वर्षानुवर्षं आम्लं ओतून ओतून खालचा पाइप खाल्ला गेला आणि पाणी खालच्या मजल्यावर गळायला लागलं, ते नेमकं हेडसरांच्या टेबलावर. दोन दिवस त्यांनी बादली लावली. तिसऱ्या दिवशी थेंब टकलावर पडला तेव्हा त्यांनी वर येऊन नळाचा मुख्य कॉक बंद केला आणि दारावर 'तात्पुरती बंद' असा कागद चिकटवला. तो कागद पिवळा पडून गळून गेला, त्या जागी शिपायाने नवीन लावला, त्यावरही 'तात्पुरती'च. पाइप बदलायचा तर आधी वायरिंग बघायला हवं, कारण हवा बाहेर फेकणारा पंखा नसेल तर प्रयोगशाळेला परवानगीच नाही. वायरिंगला हात लावायचा तर इमारतीचा दाखला हवा. आणि दाखला द्यायला माणूस आला तो म्हणतो, बाई, चालू नसलेल्या प्रयोगशाळेचा दाखला मी कसा देऊ. मी त्याच्याशी भांडले. हेडसर मध्ये पडले, त्याला चहा पाजला, पाठवून दिलं. माणूस वाईट नाहीत ते. मी चिडले की ऐकून घेतात, शेवटी हात पसरून म्हणतात, बाई, तुम्हीच सांगा, मी काय करू? आणि खरं सांगायचं तर मलाही सुचत नाही त्यांनी काय करावं ते. आता त्या खोलीत मोडकी बाकं आहेत, क्रीडादिनाची कमान आहे, आणि कुणी तरी देणगी दिलेले जुने कॉम्प्युटर आहेत. टेबलांवरचे गॅसचे नळ अजून तसेच वर माना काढून उभे आहेत.

म्हणून मी तो कोरडा तास काढला. काचसामान वर्गात आणायला मनाई नव्हती, मनाई रसायनांना होती. मग मी कपाटातून चांगल्या राहिलेल्या ब्युरेटी काढल्या, फ्लास्क काढले, धुऊन पुसून वर्गात नेले आणि मुलांना म्हटलं, चला, रिकाम्या भांड्यांनी शिकू. हात तरी तयार होतील. सुरुवातीला हसू आलं सगळ्यांना. ब्युरेट भरायची ती हवेने. फ्लास्कात आम्ल, ते नाही. मग रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, आणि तिथे मी मोठ्या हुशारीने सांगायची की दर्शकाला मुळात रंगच नसतो, तेव्हा रिकामी बाटली काय आणि भरलेली काय, दिसायला सारखीच. डाव्या हाताने नळ, उजव्या हाताने फ्लास्क गोल गोल हलवायचा. वरून अल्कली पडतेय, खालचं आम्ल संपत चाललंय, आणि ते संपलं की पुढच्याच थेंबाला रंग. मी पुढे उभी राहून आकडे म्हणायची. नऊ, दहा, अकरा, आता हळू, थेंब थेंब. अकरा पॉइंट चार म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, गुलाबी. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या, त्यांना वाटलं आम्ही गाणं बसवतोय.

तो तास मुलांचा लाडका झाला. मलाही आवडायला लागला, खोटं कशाला बोलू. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाहिला तर ते इतके खूश झाले की शिक्षकांच्या शिबिरात मला करून दाखवायला बोलावलं. 'विनाखर्च प्रात्यक्षिक' असं नावही देऊन टाकलं त्याला. तू होतीस की त्या शिबिरात, दुसऱ्या रांगेत, चष्मा केसांत अडकवून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तूही वाजवल्यास. मग जेवणाच्या सुट्टीत हात धुताना मला म्हणालीस, छान करतेस गं, पण थेंब पडलाच नाही तर थांबायचं कधी हे त्यांना कळणार कसं? मला इतका राग आला तुझा. म्हटलं, हिच्याकडे नळाला पाणी आहे, टेबलं आहेत, पंखा आहे, हिला बोलायला काय जातंय. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की तुझ्याकडेही नुसतं पाणी, टेबलं आणि पंखाच आहे. मागितलेली रसायनं येतात ती परीक्षा उलटून गेल्यावर, नाही तर दुसऱ्याच शाळेची तुला, हे तू कधी बोलली नाहीस. तू कधीच कुरकुर केली नाहीस, कॉलेजातही नाही. मी एवढी बडबडी, आणि तुला एकदा विचारलं नाही.

आता त्या मुलीचं. पटावर तिचं नाव काहीही असो, आमच्या स्टाफरूममध्ये ती 'शंका'. सहावीपासून तिला हेच नाव. कुठलाही विषय शिकवा, तास संपायला आला की मागच्या बाकावरून तिचा हात वर, बाई, एक शंका. भूगोलाच्या सरांनी तर तिच्यासाठी तासाची शेवटची पाच मिनिटं काढूनच ठेवली होती. कोरड्या तासालाही पहिल्या दिवशी हिचा हात वर. बाई, समजा रंग नाही आला तर? मी म्हटलं, येतो. ती म्हणाली, पण समजा नाहीच आला तर काय लिहायचं? मी म्हटलं, जे दिसेल ते लिहायचं, विज्ञानात दुसरं काही चालत नाही. मोठ्या थाटात म्हटलं, फळ्यावर टकटक करून. ते तिने मनावर घेतलं. वर्गातली बाकीची मुलं व्यवहारी आहेत, माझी कुठली वाक्यं मनावर घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची ते त्यांना बरोबर कळतं.

तिचे वडील शिंपी आहेत. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, एका मशीनचं, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. मी तिथेच कपडे शिवायला टाकते. शंका शाळा सुटली की तिथे बसून काजं करते आणि कापडाला धागा जुळवून देते. हे तिचं खास काम. तिचे वडील मला अभिमानाने सांगायचे, की बाई, दिव्याखाली मला दोन निळे सारखेच दिसतात, ही कापड दारात नेते, उजेडात एकदा बघते आणि डब्यातलं नेमकं रीळ काढते. एकदा माझ्याच एका कापडाला तिने रीळ काढून दिलं तेव्हा मी म्हटलं, अगं हे तर वेगळं दिसतंय. ती म्हणाली, शिवल्यावर नाही दिसणार. नाही दिसलं. तिला रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधलं काम शिकायचंय. आमच्याकडच्या कोपऱ्यावर तसली एक लॅब आहे, तिच्या काचेला नाक लावून उभी असते म्हणे. त्या कोर्सला विज्ञानाच्या प्रॅक्टिकलला पास असावं लागतं. लेखी कितीही चांगलं असो, प्रॅक्टिकल वेगळं पास. घरात एवढं शिकणारी ती पहिलीच, आणि वडिलांनी तिच्या फीसाठी म्हणून शिवायच्या कामाची वेळ वाढवून घेतलीय.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे तुमच्या शाळेत आलो, तुला माहीतच आहे. मुलं तुझी प्रयोगशाळा बघून दारातच थबकली. नळ सोडला की पाणी येतं याचंच त्यांना कौतुक. बरोबर आलेल्या शिक्षकांना आत सोडत नाहीत, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात बसले. काचेतून तू दिसत होतीस, टेबलाटेबलावर बाटल्या ठेवताना. मी हात केला, तू पाहिलं नाहीस. म्हटलं घाईत असेल. बाहेरून आलेले परीक्षक एका टोकाला बसून तोंडी प्रश्न विचारत होते आणि कागद गोळा करत होते, एवढ्या मुलांत त्यांना उठून कुणाच्या फ्लास्कात डोकावायला सवड कुठली. माझी मुलं ओळीने उभी होती, डावा हात नळावर, उजव्या हाताने फ्लास्क गोल गोल. इतकी सुरेख दिसत होती गं. मी मनात आकडे म्हणत होते त्यांच्यासाठी. परीक्षा संपल्यावर मी भांडी धुवायला मदत करते म्हणून आत आले. तुझा शिपाई समोर उभा असताना तू एकटीच बेसिनशी भांडी घासत होतीस. मी टेबलावरची दर्शकाची बाटली उचलली तर तू ती माझ्या हातातून घेतलीस, ओतून दिलीस आणि विसळत राहिलीस. फार वेळ विसळलीस. मी म्हटलं, दमलेली दिसतेस. तू मान हलवलीस, माझ्याकडे वळली नाहीस. मी निघाले.

परतीच्या बसमध्ये एकच गोंधळ. कुणी तरी ओरडलं, माझं अकरा पॉइंट चार. दुसरा म्हणाला, माझंही. मग सगळी बस अकरा पॉइंट चार. क्षणभर, देवाशप्पथ, मला आनंद झाला. मग लक्षात आलं. तुमचं द्रावण वेगळं, तुमची बाटली वेगळी, आणि माझ्या वर्गात मी मनाने ठरवलेला आकडा सगळ्यांच्या फ्लास्कात कसा उतरेल? शंका माझ्या शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, बाई, मला रंग आलाच नाही. मी पूर्ण ब्युरेट संपवली, परत भरली, परत संपवली. परीक्षक सरांना विचारलं तर ते म्हणाले, हळू कर, येईल. मग मी लिहिलं, रंग आला नाही. तिचं एवढं बोलणं ऐकलं आणि पुढच्या दोन-तीन बाकांवरची मुलं गप्प झाली, मग मागची झाली, आणि सगळी बस खिडकीबाहेर बघायला लागली. तिने प्रत्येकाकडे वळून विचारलं, तुला आला? तुला आला? सगळे हो म्हणाले. एक मुलगी तर म्हणाली, मस्त आला, फिकट.

निकालात बाकीची सगळी पास. तिला त्या प्रयोगाला शून्य, आणि म्हणून प्रॅक्टिकलला नापास. मी वर, बोर्डाच्या कचेरीत, चौकशी केली. लेखी पेपर फेरतपासणीला देता येतो, कारण लिहिलेलं जागेवर असतं. फ्लास्कात काय होतं ते धुऊन टाकलेलं असतं, त्याची फेरतपासणी कशी करणार? खिडकीतल्या माणसाने हे मला अगदी शांतपणे समजावून सांगितलं, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याच आठवड्यात आमच्या वर्गाची मॉनिटर स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. रडत होती. म्हणाली, बाई, कुणालाच आला नव्हता. आम्हाला वाटलं आपल्यालाच दिसत नाहीये, मग शेजारी बघितलं तर तो थांबून लिहितोय, मग आम्हीही अकराला थांबलो आणि लिहिलं. मी म्हटलं, हे तिला जाऊन सांग. ती म्हणाली, नाही बाई, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. तिला कळलं तर ती सांगेल. ती सांगणारच. मग आम्ही सगळे नापास. मला तिला ओरडता येईना. तीसेक मुलं आहेत, थेंब. कुणाची नोकरी ठरायचीय, कुणाचा कसलासा प्रवेश. मी वर जाऊन खरं सांगितलं तर शंका वाचते आणि तीस बुडतात. गप्प बसले तर तीस वाचतात आणि ती बुडते. रोज सकाळी उठून मी यातलं एक ठरवते आणि शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत ते मोडतं. आणि या सगळ्यांना रिकाम्या भांड्यात गुलाबी बघायला मीच शिकवलं, आता त्यांना कुठल्या तोंडाने बोलू?

मागच्या महिन्यात कपडे आणायला दुकानात गेले तर तिचे वडील स्वतःच रीळ शोधत होते, दोन रिळं दिव्याखाली धरून. शंका काजं करत बसली होती, मान वर न करता. ते मला म्हणाले, बाई, हिने धागे जुळवायचं सोडलंय. सांगितलं की म्हणते, तुम्हीच बघा, मला रंग नीट दिसत नाहीत. सगळ्या वर्गाला दिसला तो रंग हिला एकटीला दिसला नाही, म्हणजे दोष डोळ्यांत, असं तिने मनाशी धरलंय. त्यांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली, तिने सगळी बरोबर ओळखली. डोळे उत्तम आहेत म्हणाले. घरी तिची आत्या म्हणाली, डोळे उत्तम असतील तर मग मनाचंच काही तरी असणार, अभ्यासाने झालं असेल. हे सांगताना तिच्या वडिलांनी दोन्ही रिळं माझ्यापुढे धरली आणि विचारलं, यातलं कुठलं जुळतंय बाई? मी ती दारात उजेडाला नेली, मला दोन्ही सारखीच दिसली.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, तुझ्या टेबलावरची बाटलीच खराब असेल, असं होतं कधी कधी. तिने सवयीने हात वर केला, मग लक्षात येऊन खाली घेतला. म्हणाली, एक शंका. सगळ्यांना तीच बाटली होती, फिरवत होतो आम्ही. मग बाकीच्यांना कसा आला? थेंब, मी तिथे उभी होते, उत्तर माझ्या तोंडात होतं, आणि मी म्हटलं, बघू. काय बघू? मग मी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून दर्शकाची, फिनॉल्फ्थॅलीनची, एक छोटी बाटली आणली. दुकानदाराने फडताळाच्या मागून काढून धूळ पुसून दिली, म्हणाला, शाळावाले हल्ली फारसे नेत नाहीत. शंकाला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्यावर काचेच्या भांड्यात लिंबाचं पाणी, त्यात दर्शकाचे थेंब, आणि वरून ड्रॉपरने धुण्याच्या सोड्याचं पाणी. मला वाटलं आता सुटली ही. तिने एकेक थेंब सोडला, तुझ्यासारखाच, मला उभं राहून राहून पाय दुखायला लागले. आणि आला गं रंग. तुझा तो, आहे म्हटलं तर आहे. ती भांडं खिडकीशी घेऊन गेली आणि कितीतरी वेळ बघत बसली. मला वाटलं आनंदाने बघतेय. मग भांडं ओट्यावर ठेवून म्हणाली, म्हणजे डोळे ठीक आहेत बाई, माझे हातच वाईट आहेत. तिथे मीच काही तरी बिघडवलं असणार.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. दोन दिवस दिला होता, मनातल्या मनात, चांगला शिव्यांसकट. मग तुझी ती बेसिनशी वळलेली पाठ आठवली. महिनाअखेरीला आपण शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून हलवतो तसं तू दर्शकाच्या त्या बाटलीत दर वर्षी थोडं थोडं स्पिरिट घालत आली असशील, नवीन येईल, नवीन येईल म्हणत, आणि या वर्षी आत रंग आणणारं काही नाही, नुसतं स्पिरिट उरलं. ते तुला टेबलावर ठेवताना माहीत होतं की संध्याकाळी कळलं, हे मी विचारणार नाही. तुझी निवृत्ती जवळ आलीय, केंद्र गेलं तर तुझ्या शाळेचं काय होईल तेही मला कळतं. तू कुणाला काही सांगावंस असं मी म्हणत नाही. मी तरी कुठे सांगितलं?

पुडक्यात मी दुकानातून आणलेली ती बाटली आहे. ओट्यावर वापरलेले थोडे थेंब गेलेत, बाकी भरलेली आहे, झाकण मेणाने बंद केलंय. पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा आहे, तुझ्याच प्रयोगशाळेत, आणि मला पुन्हा व्हरांड्यातच बसवतील. टेबलावर जी बाटली ठेवशील तिच्यात हे ओत, एवढंच माझं मागणं आहे, म्हणून हे पत्र. फेरपरीक्षेचा अर्ज भरायला मीच तिला घेऊन गेले होते. ती गुपचूप आली, सही केली. परत येताना मी म्हटलं, घाबरू नकोस, या वेळी सगळं नीट होईल. तर म्हणाली, मी घाबरत नाही बाई, मला कळलंय आता. या वेळी काहीही दिसलं तरी मी गुलाबीच लिहीन. अगदी समजूतदारपणे म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून. एकही शंका विचारली नाही. ती गुलाबी लिहिणारच आहे, थेंब. तेवढा रंग त्या फ्लास्कात खरा येऊ दे.

तुझीच,
धबधबा